दुसऱ्याच्या हातचं

माझी आत्या पियानो वाजवायची. लहानपणी मी हे कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "ते झालं, पण नोकरी काय करते?" मग मी सांगायची की हीच नोकरी. आधी रेडिओत, मग बॅलेत. समोरचा माणूस "अस्सं" म्हणायचा आणि विषय बदलायचा.

आमच्या घरात हे वेड आलं आजोबांकडून. आजोबांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा पियानो लावणारे होते. शाळांमधले, हॉटेलांमधले, श्रीमंतांच्या दिवाणखान्यात धूळ खात पडलेले पियानो बेसूर झाले की अण्णांना बोलावणं यायचं. कातडी पिशवीत किल्ल्या, चिमटे आणि लोकरीच्या पट्ट्या घेऊन ते जायचे, पियानोचं पोट उघडून आत डोकं घालायचे आणि एकेक तार ताणून सुरात आणायचे. स्वतःला मात्र दोन ओळीही वाजवता येत नसत. "आपण न्हावी," ते म्हणायचे, "नवरदेव वेगळा."

एका हॉटेलनं छत गळून भिजलेला पियानो फेकायला काढला, तो अण्णा हातगाडीवर घालून घरी घेऊन आले. आजी खूप चिडली होती म्हणे, कारण जेवायच्या टेबलाला जागाच उरली नाही. कित्येक महिने अण्णा कामावरून आले की त्याच्याशी झटत बसायचे. आत्या तेव्हा एवढीशी होती. पियानोच्या खाली बसून ती खेळायची, आणि अण्णांनी वरून तार छेडली की तोच सूर तोंडानं काढायची. अण्णांनी खाली वाकून बघितलं, पुन्हा दुसरी तार छेडली, पुन्हा तेच. त्या दिवसापासून घरात तिला कुणी भांडी घासायला लावलं नाही. माझे वडील तिचे धाकटे भाऊ, ते अजून म्हणतात, "तिच्या वाटची भांडी मी घासली."

संगीत महाविद्यालयातल्या तिच्या बाई कुणाचं कौतुक करत नसत. त्यासुद्धा म्हणाल्या की ही एकटीनं मंचावर बसणार आहे. आत्या पहिली आली, पदक मिळालं, वर्तमानपत्रात फोटो आला. आणि मग काहीच झालं नाही. मंच थोडे आणि वादक फार. ज्यांचे मामा-काका कार्यक्रम ठरवणाऱ्या समितीवर होते त्यांना बोलावणी आली. पियानो लावणाऱ्याच्या मुलीला लोकांनी, "अरे वा, वडिलांना आमच्याकडे पाठवून द्या जरा," असं सांगितलं.

तेवढ्यात रेडिओ केंद्रात जागा निघाली. आत्या म्हणाली, "तात्पुरती घेते." त्या तात्पुरत्या नोकरीत तिचे केस पिकायला लागले.

रेडिओतली तिची खोली मी एकदा पाहिली होती. खिडकी नाही, भिंतींवर भोकाभोकांचे पुठ्ठे, वर लाल दिवा आणि समोर जाड काच. काचेपलीकडे ध्वनिमुद्रक बसायचा. सकाळच्या व्यायामाच्या कार्यक्रमाला आत्या ठेका द्यायची, बालसभेला गाणी वाजवायची, घसा बसलेल्या गवयांना सांभाळून न्यायची. पण तिचं खरं काम भोकं बुजवायचं. रेडिओला शांतता चालत नाही. वक्ता वेळेवर आला नाही, बाहेरची लाइन तुटली, बातम्या लवकर संपल्या, की काचेपलीकडून बोट दाखवलं जायचं आणि आत्यानं सुरू करायचं. वक्ता धापा टाकत येऊन बसला की पुन्हा बोट, आणि आत्यानं थांबायचं. तान अर्धी असो की पाऊण.

घरी अण्णा रेडिओला कान लावून बसलेले. शेजारणीला हाक मारून सांगायचे, "या, या, आमची वाजवतेय." ती बिचारी हात पुसत यायची, तोवर वक्ता आलेला असायचा आणि खतांवर भाषण सुरू झालेलं असायचं. संध्याकाळी आत्या घरी आली की अण्णा म्हणायचे, "त्यांच्या पियानोचा वरचा एक सूर उतरलाय. मला का बोलवत नाहीत?" आत्या हसायची. "त्यांना ऐकू आलं तर बोलावतील ना अण्णा."

तिला चांगले दिवस आलेच नाहीत असं नाही. संगीत विभागाचे जुने साहेब जाणकार होते. त्यांनी तिला एकदा खोलीत बोलावलं आणि विचारलं, "नुसती भोकं बुजवून कंटाळला नाहीत?" त्यांनी तिला एका जुन्या रचनाकाराचे सगळे सोनाटे, म्हणजे पियानोच्या लांबलचक रचना, वाजवायला दिले, एकामागून एक, ओळीनं, टेपवर मुद्रित करायला. दोन हिवाळे हे काम चाललं. आत्या तेव्हा जेवताना टेबलावर बोटं चालवायची, रस्त्यानं चालताना कोटाच्या खिशात चालवायची. ते सोनाटे दुपारच्या आडवेळी एकदा लागले, जेव्हा माणसं कामावर असतात आणि घरी असतात ती झोपतात. पण साहेब म्हणाले, "काळजी करू नका. टेप आहे. टेप कुठे पळून जात नाही. पुढच्या वर्षी चांगल्या वेळेला लावू." पुढच्या वर्षी साहेब निवृत्त झाले.

नवे साहेब आले, त्यांनी सगळ्या विभागांची झाडाझडती घेतली. आता भोकं बुजवायला तबकड्या होत्या, त्यांना पगार लागत नव्हता. संगीत विभाग बंद झाला. बंद करण्यापूर्वी छोटा समारंभ झाला, आत्याला फुलं मिळाली, आणि त्या फुलांसकट ती ध्वनिमुद्रकाकडे गेली. तिला त्या टेपांची नक्कल हवी होती. बाहेर कुठे वाजवायला मागायचं तर दाखवायला काहीतरी हवं.

ध्वनिमुद्रक जुना माणूस, आत्याबरोबर इतकी वर्षं काचेपलीकडे बसलेला. तो म्हणाला, "उद्या बघू का?" आत्या म्हणाली, "उद्या मला कोण आत सोडणार?" मग तो भांडारात गेला आणि खोके घेऊन आला. खोक्यांवर त्याच्याच अक्षरात सोनाट्यांचे क्रमांक होते. त्यानं टेप चढवली. फुटबॉलच्या सामन्याचं धावतं वर्णन सुरू झालं. आत्याला वाटलं, खोकं चुकलं. शेजारच्या यंत्रावर दुसरी टेप चढवली. कुणा पुढाऱ्याचं भाषण. तिसरी चढवायला तो तयार होईना.

"टेपा कमी होत्या हो," तो म्हणाला. "वरून हुकूम होता, जुन्यावरच घ्या. मी काय करणार?"

"सगळ्या?"

"सगळ्या."

पहिली टेप अजून फिरत होती, ती बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही. सामना संपला, वर्णन करणाऱ्यानं निरोप घेतला, आणि त्यापुढे जी थोडी टेप उरली होती तिच्यावर एकदम पियानो सुरू झाला. मधूनच. आत्याचा. एका संथ भागाचा शेवट, जेमतेम श्वासभर, की लगेच टेपचं टोक सुटून फटफट आपटायला लागलं.

ध्वनिमुद्रकाचे डोळे भरून आले. तो म्हणाला, "हा तुकडा कापून देऊ का तुम्हाला?"

आत्या म्हणाली, "शेपूट घेऊन काय करू? घोडा गेला."

ही गोष्ट तिनं मला पुढे कधीतरी सांगितली, अगदी सपाट आवाजात. अण्णांना मात्र तिनं सांगितलं की टेपा सांभाळून ठेवल्यात, कुलपात. अण्णा खूश झाले.

मग बॅले. शहरात एक बॅले कंपनी होती, तिला तालमीसाठी पियानोवाली हवी होती. तालमीची खोली मोठी, एका भिंतीला आरसे, दुसऱ्या भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर लाकडी दांडा, जमिनीवर घामाचे आणि पाय घसरू नयेत म्हणून लावायच्या राळेचे डाग. कोपऱ्यात एक पियानो, त्याच्यावर मुलींचे टॉवेल आणि पाण्याच्या बाटल्या. नृत्यमास्तर काठी घेऊन फिरायचे. "बाई, चार-चार, संथ." आत्या सुरू करायची. "थांबा! गुडघा बघ तुझा. पुन्हा." आत्या पुन्हा सुरू करायची. "थांबा!"

मी विचारलं होतं, "रेडिओपेक्षा बरं आहे का गं?"

"आगीतून फुफाट्यात," ती म्हणाली. "तिथे निदान कधीतरी वक्ता यायचाच नाही, तेव्हा पूर्ण वाजवता यायचं."

पण हळूहळू तिला ते काम आवडायला लागलं, हे तिच्या नकळत आमच्या लक्षात आलं. आधी ती पियानोच्या पट्ट्यांकडे बघून वाजवायची, आता मुलींच्या पायांकडे बघून वाजवू लागली. कुणी उडी घेतली की ती हवेत असेपर्यंत सूर किंचित धरून ठेवायचा, आणि पाय टेकायच्या क्षणी खाली आणायचा. केसभर आधी नाही, केसभर नंतर नाही. ती घरी येऊन आईला सांगायची, "वहिनी, त्या पोरी माझ्या आवाजावर अंग टाकतात गं. डोळे मिटून टाकतात." हे बोलताना तिच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मी रेडिओच्या दिवसांत कधी पाहिलं नव्हतं.

त्या मुलींमध्ये एक खूप उंच होती. तिला सगळे लंबी म्हणत. उंचीमुळे तिला जोडीदार मिळत नसे, म्हणून मुख्य भूमिका मिळत नसत, म्हणून ती स्वतःच नाच बसवायला लागली. एके दिवशी तालीम संपल्यावर ती पियानोवर कोपर टेकून उभी राहिली. "बाई, माझ्या डोक्यात एक आहे. पाच बहिणींचं घर. वाद्यवृंद नको, टेप नको, नुसता पियानो. आणि पियानो मंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यात नको, मंचावर, आमच्यात. तुम्ही सहाव्या."

आत्या म्हणाली, "मी म्हातारी झाले गं."

"मोठी बहीण म्हातारीच असते," लंबी म्हणाली.

त्या वर्षी आमच्या घरात जणू दिवे वाढले. आत्याला मंच मिळणार होता. एकटीला नाही, पण मंच. संगीत होतं छोट्या छोट्या रचनांची एक लांब माळ, काही खेळकर, काही अशा की ऐकताना छातीत कळ यावी. आत्या घरी रोज सराव करायची. अण्णांना आता बोलणं नीट ऐकू येत नसे. माणसं बोलली की नुसती घरघर, असं ते म्हणायचे. पियानो मात्र ऐकू यायचा. ते तिच्या पाठीमागे खुर्ची टाकून बसायचे. दोन जागा अशा होत्या जिथे आत्या घाई करायची. अण्णा जोरात ओरडायचे, कारण बहिऱ्याला आपला आवाज कळत नाही, "पळतेयस कुठे? गाडी सुटतेय का?" आत्या हसायची, पुन्हा वाजवायची, आणि पुन्हा त्याच जागी पळायची.

उन्हाळा संपता संपता तिचा उजवा हात बिघडला.

दुखत काही नव्हतं. पट्ट्यांवर हात ठेवला की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आपोआप आत वळायचं, मुठीत लपल्यासारखं. तिला आधी वाटलं, दमलेय. तिनं विश्रांती घेतली, गरम पाण्यात हात बुडवले, तेल चोळलं. मग ती दोन बोटांचं काम तीन बोटांवर वाटून वाजवायला शिकली, आणि बरेच दिवस कुणाला पत्ता लागला नाही. आईनं तेवढं ओळखलं, कारण आत्यानं हल्ली अण्णा झोपले की मगच सराव करायला सुरुवात केली होती.

आई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी सुई ओवायला सांगितली, ओवली. बटणं लावायला सांगितली, लावली. सही केली, कात्री चालवली. मग डॉक्टरांनी तिला दवाखान्याच्या सभागृहातल्या पियानोवर बसवलं, आणि बोटं वळली.

"हात चांगला आहे तुमचा," डॉक्टर म्हणाले. "बिघाड डोक्यात आहे. इतकी वर्षं इतकं बारीक काम केलंत की मेंदूला त्या दोन बोटांमधला फरकच कळेनासा झालाय. पियानोपुरता."

"औषध?"

"वाजवू नका."

"मग इतर सगळं करता येईल मला?" आत्यानं विचारलं.

"हो, हो! सगळं येईल," डॉक्टर उत्साहानं म्हणाले. आई सांगते, आत्या त्यावर इतकी हसली की डॉक्टर गोंधळले.

प्रयोग तोंडावर आला होता. आत्या काही न बोलता वाजवू शकली असती. तीन बोटांवर ती बहुतेक सगळं ओढून नेत होती, आणि अडलंच तर एखादा सूर गाळला असता, सभागृहात कुणाला कळलं नसतं. हे तिनं स्वतः मला सांगितलं. पण तिसऱ्या बहिणीचा एक नाच होता, त्यात ती मुलगी लंबीच्या खांद्यावरून मागे, न बघता, उलटी झेपावायची, आणि झेपावायची वेळ तिला फक्त पियानोवरून कळायची. एका तालमीत आत्याची बोटं नेमकी तिथे वळली. सूर अडखळला. मुलगी अर्धी गेली आणि लंबीनं तिला कशीबशी दंडाला धरून ओढली. दंडावर वळ उठले. मुलगीच म्हणाली, "सॉरी बाई, माझं चुकलं."

आत्यानं पियानोचं झाकण लावलं, लंबीला बाहेर जिन्यात नेलं आणि सगळं सांगितलं.

लंबीनं आधी ऐकूनच घेतलं नाही. मग ती भिंतीला टेकून खाली बसली. "कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

"आणि आत्ता सांगताय? हातातोंडाशी आल्यावर?"

"वाटलं, जाईल."

लंबी रडली, चिडली, नको नको ते बोलली, मग आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून पुन्हा रडली. आत्या तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. त्या वेळी सगळी बोटं सरळ होती.

दुसरा वादक मिळाला. तरुण, चष्म्यातला, बाहेरगावाहून आलेला, महाविद्यालयातून नुकताच पदक घेऊन निघालेला. नाचासाठी त्यानं कधी वाजवलेलं नव्हतं. त्याला शिकवायला कोण? आत्याच. ती त्याच्या शेजारी स्टुलावर बसायची. "पट्ट्यांकडे बघू नकोस, तिच्या टाचेकडे बघ. इथे थांब. अजून थांब. ती हवेत आहे. हं, आता." मुलगा वाईट नव्हता. उलट चांगला होता, आणि नम्र होता, आणि आत्यानं सांगितलेलं सगळं स्पंजासारखं शोषून घ्यायचा. दुष्ट असता तर बरं झालं असतं, असं आई म्हणायची. निदान शिव्या देता आल्या असत्या.

अण्णांना सांगायचं राहिलं होतं. "मी सांगते," आत्या म्हणायची. "कुणी मध्ये पडू नका." पण रोज काहीतरी व्हायचं. अण्णांना ताप आला. ताप उतरला तर ते इतके खुशीत होते की तिला बोलवेना. ती तालमीला जातेय, म्हणजे वाजवायलाच जातेय, असं ते धरून चालले होते. मग म्हणाली, प्रयोग होऊन जाऊ दे. म्हातारं माणूस, पायऱ्या चढवत नाहीत, नाट्यगृहात येणार नव्हतेच.

प्रयोग रविवारी दुपारी होता. तो रेडिओवर थेट ऐकवणार आहेत हे आम्हाला माहीत होतं आणि आम्ही रेडिओ लावायचा नाही असं ठरवलं होतं. पण शेजारीण मायाळू. ती मुद्दाम येऊन अण्णांच्या कानात ओरडून गेली, "आज तुमच्या मुलीचं आहे ना रेडिओवर!" मग काय. अण्णांनी धुतलेला सदरा मागितला. सदरा घालून, केस विंचरून ते रेडिओसमोर बसले. वडील सिगारेटचं निमित्त करून बाहेर गेले ते गेलेच. आई आणि मी उरलो.

निवेदकानं रचना सांगितली, कंपनीचं नाव सांगितलं, आणि पियानोवर कोण आहे ते स्पष्ट, दोनदा सांगितलं. त्या मुलाचं नाव. आयुष्यभर आत्याचं नाव एकदाही न घेतलेल्या त्या खोक्यातून. आईनं घाबरून अण्णांकडे बघितलं. अण्णा म्हणाले, "काय घरघर लावलीय. सुरू करा म्हणावं."

सुरू झालं. अण्णांनी डोळे मिटले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, कधी कळतं त्यांना याची वाट बघत. पहिली घाईची जागा आली. तो मुलगा तिथे पळाला नाही. आत्यानंच त्याला शिकवलं होतं ना, थांब, अजून थांब. अण्णांनी डोळे उघडले आणि माझा हात धरला. दुसरी जागा आली. तिथेही तो थांबला, आणि सूर असा खाली आला की मलाही कळलं, हे आमच्या घरात कधी ऐकलेलं नाही. अण्णांच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं.

"जमलं तिला," ते म्हणाले. "शेवटी जमलं."

मी आईकडे बघितलं. आईनं मान हलवून मला गप्प केलं.

टाळ्या संपेनात. निवेदकानं पुन्हा त्या मुलाचं नाव घेतलं तेव्हा आई उठली आणि रेडिओ बंद केला.

दिवेलागणीला आत्या आली. चांगल्या कपड्यांत होती. प्रयोगात ती मंचावर होती खरी, त्या मुलाच्या शेजारी, पानं उलटायला. लंबीचा हट्ट होता की सहावी बहीण मंचावर हवीच. मुलाला सात वेळा बोलावलं पडद्याबाहेर, की किती, तिनं मोजलं नव्हतं. तो तिला हाताला धरून ओढत होता आणि ती येत नव्हती. हे लंबीनं नंतर सांगितलं.

आत्या दारातून आत आली, आणि अण्णा काठीशिवाय उठले. तिच्यापर्यंत चालत गेले. तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"ऐकलं," ते म्हणाले. "सगळं ऐकलं. पोरी, आयुष्यात इतकं चांगलं तू कधी वाजवलं नव्हतंस."

आत्यानं आमच्याकडे बघितलं. आई रडत होती.

"त्या दोन जागा," अण्णा म्हणाले, "तिथे तू आजवर एकदाही थांबली नव्हतीस. मला वाटायचं, हिच्या हातातच नाही ते. मी कधी बोललो नाही, पण वाटायचं. आज कळलं, माझं चुकलं होतं."

आत्याचं तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगेल. ती त्यांच्या कानाशी वाकली आणि मोठ्यानं म्हणाली, "औषध घेतलंत का?"

त्यांनी घेतलं नव्हतं. तिनं ते आणलं, पाणी आणलं, त्यांना बसवलं. मग ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ आत राहिली.

मला वाटलं होतं की सर्वांत वाईट ते तिथेच संपलं. पण पुढे अण्णा म्हणायला लागले, "ते आज मला वाजवून दाखव. इथे, समोर." आत्या म्हणायची, दमलेय. दुसऱ्या दिवशी म्हणायची, डोकं दुखतंय. मग म्हणायची, उशीर होतोय. अण्णा आधी समजून घ्यायचे. मोठ्या प्रयोगानंतर दमायला होतंच. महिना गेला, दोन गेले. घरातला पियानो बंद तो बंदच. अण्णा त्याची झाकणं पुसायचे, एखादी तार तपासायचे, आणि तिच्याकडे बघायचे. मग त्यांनी विचारणं सोडलं.

तोवर कंपनीनं तालमींसाठी टेप वाजवायचं यंत्र आणलं होतं. नृत्यमास्तरांना आत्याची दया आली म्हणा किंवा सवय होती म्हणा, त्यांनी तिला काढलं नाही. "बाई, यंत्र तुम्ही चालवा," ते म्हणाले. "कुठे थांबवायचं ते तुम्हालाच कळतं." तेव्हापासून ती कोपऱ्यात पियानोशेजारी टेबल टाकून बसायची. मास्तर म्हणाले "थांबा", की बटण दाबायची. "पुन्हा", की टेप गुंडाळून मागे न्यायची. लंबीचा नाच गाजला, ती मोठ्या कंपनीत गेली, तो चष्म्यातला मुलगाही तिच्याबरोबर गेला. दोघांची ख्यालीखुशाली यायची, आत्या आनंदानं ऐकायची. खोटा आनंद नव्हता तो. तिला कुणाचं वाईट चिंतताच यायचं नाही, हीही तिची एक अडचणच होती.

अण्णा पुढच्या हिवाळ्यात अंथरुणाला खिळले. कुणी भेटायला आलं की सांगायचे, "आमची मुलगी फार मोठी वादक झाली." आणि मग, आवाज हळू केलाय असं समजून, घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "घरी वाजवत नाही हल्ली. मोठी झाली की माणसं अशीच. बापासाठी वेळ नसतो." आत्या शेजारीच वाटीतून चमच्यानं त्यांना भरवत असायची. पाहुणे अवघडून तिच्याकडे बघायचे. ती त्यांचं तोंड पुसायची आणि म्हणायची, "हो ना, वेळच मिळत नाही."

एकदा मला राहवलं नाही. स्वयंपाकघरात तिला गाठून मी म्हणाले, "आत्या, सांगून टाक ना. तुला घमेंडखोर समजतायत ते."

"समजू दे."

"पण तू तशी नाहीस!"

ती वाटी विसळत होती. "सांगितलं, तर ते वाजवणं माझं नव्हतं हेही सांगावं लागेल," ती म्हणाली. "मग त्यांना काय राहील? टेपा? अगं, घमेंडखोर मुलगी परवडते. काहीच न झालेली नाही परवडत."

"आणि तुला?"

तिनं वाटी पालथी घातली. "मला काय धाड भरलीय," ती म्हणाली, आणि टॉवेल शोधायला लागली. टॉवेल तिच्या खांद्यावरच होता.

अण्णा एका सकाळी गेले. शेवटचे काही दिवस ते तिच्याशी फारसे बोलत नव्हते. रागावले नव्हते, फक्त आपण एका मोठ्या माणसाचा वेळ घेतोय अशा संकोचानं वागायचे. पाणी हवं असलं तरी तिला न सांगता आईला हाक मारायचे.

भेटायला आलेले गेल्यावर, घर रिकामं झाल्यावर, मी आत्याला म्हणाले की आता घरात कुणापासून लपवायचं नाही, बोटं वळली तर वळली, तुला वाटलं तर वाजव. ती उठून पियानोजवळ गेली. झाकण उघडलं नाही. वर साठलेल्या चहाच्या कपबशा एकात एक रचल्या आणि आत घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी मुलींचा सकाळचा वर्ग होता. तिनं रजा घेतली नाही.